हिरव्या अक्षरांतलं वेळापत्रक

मला राग सहसा येत नाही. येतो तेव्हा त्याला सबळ कारण असतं, आणि या खेपेला ते कारण टाय लावून आलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत आमचा चहा चालू होता. मुख्याध्यापिका बाईंनी त्या टायवाल्याची ओळख करून दिली. कुठल्याशा कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याने लॅपटॉप उघडला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "सध्या तुमचं वेळापत्रक कोण करतं?"

तीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी तसा भूगोल शिकवतो, पण तो पोटापाण्यासाठी. माझं खरं काम म्हणजे शाळेचं वेळापत्रक. चोवीस वर्ग, एकतीस शिक्षक, आणि खोलीच्या भिंतीवर तो सहा फुटी फळा. त्यावर रंगीत टाचण्या. लाल टाचणी गणित, निळी विज्ञान, भूगोलाला तपकिरी, कारण बाकीचे रंग इतरांनी आधीच मागून घेतले होते. सतरा वर्षांत दोन शिक्षक एका वर्गात समोरासमोर आलेत असं एकदाही झालेलं नाही.

"हाताने?" टायवाला फळ्याकडे बघून म्हणाला.

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? हाताने नाही तर काय!

"आमच्याकडे एक बटण दाबलं की झालं," तो म्हणाला. "नाव, विषय, वर्ग भरा. चार सेकंदांत वेळापत्रक."

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखेच मान डोलवाल. वेळापत्रक म्हणजे चौकोनात नावं भरणं नव्हे. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी एकेक शिक्षक मला व्हरांड्याच्या टोकाला गाठतो. इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "सर, जरा तेवढं बघा." मग जे सांगतो ते मी ऐकतो, मान हलवतो आणि एक टाचणी दोन इंच सरकवतो. ऐकलेलं कोणाला सांगत नाही. आमचे गणिताचे सर घ्या. कडक माणूस. गेली सहा वर्षं गुरुवारचे शेवटचे दोन तास ते मोकळे असतात आणि घड्याळात पावणेतीन झाले की छत्री घेऊन चालू लागतात. 'गणिताला जावयासारखं ठेवलंय' असं बाकीचे मला ऐकू येईल अशा बेताने बोलतात. ते का जातात ते मला ठाऊक आहे. तुम्हाला सांगणार नाही. त्या बटणाला ते कोण सांगणार होतं?

हे सगळं बोलता येईना, म्हणून मी भलतंच बोललो. "बाहेरच्या सॉफ्टवेअरची गरज नाही," मी म्हणालो. "मी स्वतः लिहीन."

चहाचे कप जागच्या जागी थांबले. बाईंनी चष्मा काढला. "शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी सभा आहे," त्या म्हणाल्या. "तोवर तुमचा प्रोग्रॅम चालला तर प्रश्नच मिटला, सर. नाहीतर यांचं घेऊ. आणि हा फळा काढून तिथे पाण्याचा फिल्टर लावू. बरेच दिवस जागा शोधतेय मी."

म्हणजे सतरा वर्षांच्या तपश्चर्येच्या जागी फिल्टर. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

माझ्याजवळ चार आठवडे, घरचा एक डेस्कटॉप कॉम्प्युटर आणि बारा वर्षांपूर्वी केलेल्या तीन महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. ते प्रमाणपत्र मी चौकट करून दिवाणखान्यात लावलं होतं. पुढे बायकोने रंगकामाच्या निमित्ताने ते दारामागे हलवलं, आणि रंगकाम संपून सात वर्षं झाली तरी ते तिथेच आहे.

माझी समजूत अशी की प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे बसायचं आणि लिहायचं. चक्क चूक. आधी साधनं निवडावी लागतात. कोणती भाषा, ती कोणत्या एडिटरमध्ये टाइप करायची, चुका शोधायला काय वापरायचं, जुन्या प्रती कशात ठेवायच्या. भाषाच मुळी शेकड्यांनी. एकीला सापाचं नाव, एकीला कॉफीचं, एकीला नुसतंच एक अक्षर. आणि प्रत्येकीचे भक्त दुसरीच्या भक्तांना माणसात धरत नाहीत. दोन तास वाचून काढल्यावर मला इतकंच कळलं की मी जे काही निवडीन ते चूक असेल.

म्हणून मी मेहुण्याला फोन केला. मेहुणा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे नेमकं काय करतो हे त्याच्या आईवडिलांनाही माहीत नाही.

"दाजी, स्टॅक काय ठरवलाय?" त्याने पहिलाच प्रश्न टाकला.

स्टॅक म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. "दोहोंमध्ये ठरत नाहीये," मी म्हणालो. कशाकशामध्ये ते त्याने विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

रविवारी तो येऊन त्याचा एडिटर घालून गेला. पडदा काळाकुट्ट. "सगळे हाच वापरतात. डोळ्यांना आराम पडतो," तो म्हणाला. डोळ्यांचं माहीत नाही, पण त्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसायचं. दर ओळीला एक दमलेला, टक्कल पडत चाललेला गृहस्थ माझ्याकडे संशयाने बघत असायचा. जाता जाता मेहुण्याने एक सल्ला मात्र दिला. "दाजी, तुमचा प्रत्येक नियम लिहिलात की त्याच्या वर टीप लिहा, हा नियम का आहे ते. सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारायच्या. रेघांच्या पुढचं कॉम्प्युटर वाचत नाही. ते फक्त माणसासाठी असतं. नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही." हा सल्ला मी लक्षात ठेवला, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दुसरे सल्लागार समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर. त्यांनी आपल्या दवाखान्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला आहे आणि हे ते प्रत्येक पेशंटला सांगतात. माझी दाढ त्याच आठवड्यात ठणकायला लागली, हे माझं नशीब. खुर्चीत आडवा होतो, तोंडात कापूस, एक नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं.

"काळ्या पडद्यावर लिहिताय? चक्!" डॉक्टर म्हणाले. "पांढरा पडदा घ्या. माझा एडिटर घ्या. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. टिपा तर हिरव्या, ठळक, वीस फुटांवरून वाचता येतील अशा. आणि प्रोग्रॅम कुठे अडला तर तो आपण होऊन बरोबर ती ओळ उघडून दाखवतो. घालू ना?"

"आं," मी म्हणालो.

"संध्याकाळी येतो."

तोंडात कापूस असताना दिलेली संमती ग्राह्य धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण माणूस शेजारचा, आणि दाढेचं काम अर्धंच झालेलं. संध्याकाळी त्यांचा एडिटर माझ्या कॉम्प्युटरवर आला, बरोबर त्यांची वेगळी भाषाही आली.

तिसरे माझे सासरे. यांना कोणी विचारलं नव्हतं. मेहुण्याने घरी काय ते सांगितलं आणि सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात हजर. त्यांनी उमेदीच्या काळात खोलीएवढ्या कॉम्प्युटरवर काम केलेलं आहे. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचे. "जावईबापू," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "आजकालची पोरं आधी लिहितात आणि मग विचार करतात. आधी आकृती, मग अक्षर." आकृत्या काढायचा एक प्रोग्रॅम त्यांनी सीडीवर आणला होता. आमच्या कॉम्प्युटरला सीडी लागत नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून सीडी लावायचं यंत्रही काढलं. माणूस पूर्ण तयारीनिशी आला होता.

आता तीन सल्लागार, तीन साधनं. शहाण्या माणसाने एक ठेवलं असतं आणि दोन काढून टाकली असती. पण मेहुण्याचं काढावं तर बायकोचा भाऊ. सासऱ्यांचं काढावं तर बायकोचे वडील. डॉक्टरांचं काढावं तर दाढ. शिवाय माझा स्वभाव. कोणाचं मन मोडायचं नाही, एक टाचणी दोन इंच सरकवायची, हेच मी आयुष्यभर करत आलो. मी तेच केलं. साधनांचं वेळापत्रक केलं.

सोमवार-गुरुवार मेहुण्याचं, मंगळवार-शुक्रवार डॉक्टरांचं, बुधवार-शनिवार सासऱ्यांचं. रविवारी कॉम्प्युटरला सुट्टी. चांगल्या कागदावर तीन रंगांत काढून मी ते मॉनिटरच्या वर चिकटवलं, आणि खरं सांगतो, मला फार समाधान वाटलं. अडचण एवढीच की सोमवारी एका भाषेत लिहिलेलं मंगळवारी दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहावं लागे आणि बुधवारी त्याची आकृती काढावी लागे. गुरुवारी मी पुन्हा सोमवारच्या जागी. दोन आठवड्यांत माझा प्रोग्रॅम दोन भाषा आणि आकृती मिळून एकूण एकोणीस ओळींचा झाला. आणि एवढी सगळी साधनं पोटात घेऊन कॉम्प्युटर इतका जड झाला की बटण दाबल्यावर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजलं आहे.

याच सुमारास शाळेच्या ऑफिसने आपलं घोडं पुढे दामटलं. सभा शाळेत, म्हणजे प्रोग्रॅम शाळेच्या कॉम्प्युटरवर चालवायचा, म्हणजे साधनाची नोंद शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरात व्हायला हवी. हेडक्लार्कनी माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला. त्यात साधनाचं नाव, आकार, रंग, वजन आणि ते कोणत्या कपाटात ठेवणार याचे रकाने होते.

"याला वजन नसतं," मी म्हणालो.

"सर, मागच्या वर्षी पीटीवाल्यांची शिट्टीसुद्धा वजन करून घेतलीय."

"पण हे दिसतही नाही हो! ते कॉम्प्युटरच्या आत असतं."

"मग मोडलं तर आम्ही ते निर्लेखित करून रजिस्टरातून कमी कसं करायचं? दाखवायला काहीतरी लागेल ना?" हेडक्लार्कनी मला समजुतीच्या सुरात विचारलं. मग तेच म्हणाले, "बरं, वजन निरंक लिहा. रंग लिहा. रंग तरी असेल?"

मी 'काळा' लिहिलं. मग आठवलं की दुसरा पांढरा आहे, म्हणून ते खोडलं. खाडाखोड झाली म्हणून दुसरा फॉर्म. दुसऱ्या फॉर्मवर 'काळा/पांढरा' लिहिलं तर एका नोंदीला दोन रंग चालत नाहीत म्हणून तिसरा फॉर्म. "एकच काय ते साधन ठरवा आणि मग या," असं हेडक्लार्क चारचौघांत म्हणाले. तिथे तीन पालकही उभे होते. मी बत्तीस वर्षं नोकरी केली आहे.

आणि मग तो रविवार. कॉम्प्युटरची सुट्टी असल्याने मी निर्धास्त होतो. मेहुणा 'सहज' आला. पाच मिनिटांनी सासरे आले, आकृती कुठवर आली ते बघायला. दोघांचा आवाज ऐकून डॉक्टर नॅपकिन हातात घेऊनच आले. तिघांनी मॉनिटरवरचा कागद वाचला.

"शनिवार?" सासरे म्हणाले. "मला अर्ध्या दिवसाचा शनिवार?"

"दाजी, तुम्ही माझं काम मंगळवारी पुसता?" मेहुणा म्हणाला.

डॉक्टरांनी फक्त माझ्या गालाकडे, जिथे दाढ आहे तिथे, रोखून पाहिलं.

पुढचा पाऊण तास बापलेक एकमेकांशी जे बोलले ते घरातलं असल्यामुळे मी सांगत नाही. प्रत्येकाला आपलं साधन उघडून दुसऱ्याला दाखवायचं होतं. तिन्ही एका वेळी उघडली गेली. कॉम्प्युटरने आधी पंख्यासारखा आवाज केला, मग पडदा गोठला, आणि मग एक बारीक जळका वास आला.

तेवढ्यात बायको ड्यूटीवरून आली. बायको नर्स आहे. तिने पर्स खाली ठेवली, आमच्यामधून वाट काढत भिंतीपाशी गेली आणि प्लग उपटला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही चहा घ्या आणि घरी जा. तूसुद्धा. डॉक्टर, यांच्या दाढेला कधी आणू?"

ते गेल्यावर ती माझ्या शेजारी बसली. "माझ्या वॉर्डात अठ्ठावीस नर्स आहेत. अकरा वर्षं त्यांच्या ड्यूट्या मी लावते. पेन्सिल, खोडरबर आणि एक कागद. त्याला एक 'कारण' म्हणून रकाना आहे, तो भरल्याशिवाय मी कोणालाच सुट्टी देत नाही. एवढंच."

"तुझं वेगळं आहे," मी म्हणालो.

"हो, माझ्याकडे माणसं मरतात," ती म्हणाली. "डोळ्यांना नीट दिसतं ते एक ठेवा. बाकीची काढा. आणि लिहायला लागा."

वैतागून मी तेच केलं. डोळ्यांना दिसणारं एकच होतं, डॉक्टरांचं. अक्षरं मोठी केली. बाकीचं सगळं काढलं असं मात्र म्हणवत नाही. मेहुण्याचं आणि सासऱ्यांचं साधन कॉम्प्युटरच्या पोटात तसंच ठेवलं. कधी घरी आले तर दाखवायला असावं. म्हणून ती अकरा मिनिटं कायम राहिली. हेडक्लार्कच्या फॉर्मवर रंग 'पांढरा', वजन 'निरंक', कपाट क्रमांक चार असं लिहिलं आणि तो एकदाचा मंजूर झाला.

उरलेल्या बारा दिवसांत मी प्रोग्रॅम लिहिला. खोटं नाही सांगत, मला तो जमला. फळ्यावरची एकेक टाचणी म्हणजे एकेक नियम. मेहुण्याने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नियमाच्या वर दोन तिरप्या रेघा मारून कारण लिहीत गेलो. सतरा वर्षं पोटात ठेवलेलं पहिल्यांदा कुठेतरी उतरवत होतो, आणि तेही कॉम्प्युटरदेखील वाचत नाही अशा ठिकाणी. मन हलकं झालं. एका नियमापाशी जरा जास्तच मोकळेपणाने लिहिलं गेलं, पण म्हटलं, वाचणार कोण?

सभेला टायवालाही आला होता. बाईंनीच बोलावलं होतं, तुलना करायला म्हणे. खोलीचे पडदे ओढले. प्रोजेक्टरचा उजेड थेट माझ्या फळ्याशेजारच्या भिंतीवर पडला. फिल्टर खोक्यातून काढून कोपऱ्यात तयार ठेवला होता.

मी बटण दाबलं. सात सेकंदांत वेळापत्रक आलं. टायवाल्याचं चार सेकंदांत येतं, ठीक आहे, तीन सेकंदांनी कोणाचं काय बिघडतं? चोवीस वर्ग, कुठे टक्कर नाही, गणिताचा गुरुवार मोकळा. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मी बसायला वळलो.

"एक विचारू?" टायवाला म्हणाला. "समजा, एक शिक्षक अचानक रजेवर गेले. उदाहरणार्थ, गणिताचे सर. मग?"

मी गणिताच्या सरांच्या नावापुढे 'रजा' टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं. प्रोग्रॅम अडला. आणि डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं तसंच त्या एडिटरने केलं. जिथे अडलं ते पान आपण होऊन उघडलं. पांढऱ्या भिंतीवर, हातभर उंचीची, हिरवी, ठळक अक्षरं.

// पीटीचे सर – पहिला तास नको. सकाळी उठवत नाही. (मुलांना पाचला उठायला सांगतात.)

// चित्रकलेच्या बाई आणि संगीताचे सर – शेजारचे वर्ग नकोत. नऊ वर्षं अबोला. कारण : शिडी.

// मुख्याध्यापिका बाई – आठवी ब नको. भीती वाटते.

शेवटची ओळ टायवाल्याने मोठ्याने वाचली. तो परका माणूस, त्याला काय कळणार! "'भीती वाटते'," असं तो वाचून गेला आणि मग त्याने बाईंकडे पाहिलं.

मी माउसकडे धावलो, घाईत पान वर जायच्या ऐवजी खाली गेलं. मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी भिंत आणि प्रोजेक्टरच्या मधे जाऊन हात पसरून उभा राहिलो. सगळे माझ्या पोटाकडे बघत होते. मी मान खाली घातली. माझ्या पांढऱ्या शर्टावर पुढची टीप उमटली होती. मला ती उलटी दिसत होती, पण लिहिलेली माझीच होती.

// गणिताचे सर – गुरुवारी पावणेतीननंतर काही देऊ नका. थोरल्या भावाला भेटायला जातात. भाऊ आता यांना ओळखत नाही. पण गुरुवार ओळखतो, दारात येऊन बसतो.

सतरा वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं, आणि आज ते माझ्याच शर्टावर होतं. लाज वाटली. इतकी की फिल्टर, फळा, टायवाला, काहीच डोळ्यांपुढे राहिलं नाही. "सर, माझं चुकलं," मी म्हणालो. "कॉम्प्युटर वाचत नाही म्हणून लिहिलं होतं."

गणिताच्या सरांनी छत्री पायाशी ठेवली. मग म्हणाले, "साडेतीनला पोचलो तरी चालतं. एक तास घेऊ शकतो मी."

"काही नको," पीटीचे सर एकदम म्हणाले. "गुरुवारचे दोन्ही तास मी घेतो. आणि पहिला तासही द्या मला. उठेन."

"शिडी मी परत केली होती," मागून संगीताचे सर म्हणाले.

"एक पायरी कमी होती," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. नऊ वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं ते. पुढची दहा मिनिटं शिडीवरच गेली.

आणि त्यानंतर जे झालं ते मला अजून पटलेलं नाही. सगळे उठून फळ्यापाशी गेले आणि टाचण्या हलवायला लागले. माझ्या टाचण्या! "माझा बुधवार घे, मला शुक्रवार दे." "तुला घरी कोण आहे? मग तू लवकर सुट." व्हरांड्याच्या टोकाला कुजबुजून सांगायच्या गोष्टी लोक खोलीच्या मधोमध ओरडून सांगत होते. मला कोणी विचारीना. मी अजून हात पसरूनच उभा होतो. सतरा वर्षांचं काम त्यांनी अर्ध्या तासात, तेही गोंगाट करून उरकलं, आणि टक्कर एकही नाही. मी दोनदा तपासलं.

टायवाला लॅपटॉप बंद करत होता. "आमच्या फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना नाहीये, मॅडम," तो हळूच म्हणाला.

"मग घाला आणि मग या," बाई म्हणाल्या. त्यांनी फिल्टर पुन्हा खोक्यात घालायला सांगितला. मग त्या फळ्याजवळ गेल्या, चष्मा लावला आणि एका तपकिरी टाचणीवर बोट ठेवलं. "सर, शनिवारचा शेवटचा तास, आठवी ब. हा दरवर्षी तुमचाच?"

"कोणीतरी घ्यायलाच हवा."

"तुमच्या नावापुढे टीप दिसली नाही."

"मी कोणाला सांगणार?" मी म्हणालो. मला खरंच राग आला होता.

बाईंनी ती टाचणी काढली. "मी घेते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता, पण टाचणी त्यांनी जोरात दाबली.

शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी सतरा वर्षांत पहिल्यांदा जेवायच्या वेळेला घरी पोचलो. एरवी तो तास, मग पुढच्या आठवड्याच्या टाचण्या, असं करत तीन वाजायचे. ताट झाकलेलं असायचं आणि बायको आडवी झालेली. शनिवारी दुपारी तिला सुट्टी असते एवढं मला माहीत होतं. का असते ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि सरळ कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही," ती म्हणाली.

"शनिवारचा तास गेला," मी म्हणालो. "फळा आहे, पण मला कोणी विचारत नाही. बेकार झालोय मी. आण तुझा तो ड्यूट्यांचा कागद, मी लावून देतो."

"पेन्सिल देणार नाही," ती म्हणाली. कागद मात्र तिने पुढे टाकला आणि दुसरं ताट घ्यायला आत गेली. मी चष्मा लावून जाणकाराच्या नजरेने कागद तपासू लागलो. अठ्ठावीस नावं, रोजच्या तीन पाळ्या, आणि उजवीकडे तो कारणाचा रकाना. एकीचं मूल लहान, एकीच्या सासूचं डायलिसिस. सगळ्यांत खाली बायकोचं नाव. शनिवार दुपार, सुट्टी. त्यापुढचं कारण इतक्यांदा नव्या नव्या कागदावर उतरवलं गेलं होतं की अक्षर घोटीव झालं होतं.

'नवरा कधीतरी लवकर येईल.'

मी ते पुन्हा वाचलं. अकरा वर्षं! मला असा काही संताप आला की चष्म्याची काच धुरकट झाली.

"हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो.

"विचारलंत कधी?" ती आतून म्हणाली. "हात धुऊन या. गार होतंय."